वर्ग सुटेपर्यंत

४ ऑगस्ट, सोमवार

पोचले एकदाची. शैलामावशी दिल्लीतल्या मयूर विहारहून थेट इथपर्यंत सोडायला आली. आधी मेट्रो, मग मानेसरची बस, शेवटी शेअर ऑटो. गाड्यांच्या सुट्या भागांचे कारखाने संपले की आत वळायचं. लिंबाची झाडं, छोटं चर्च, मिशनचं कॉलेज, दुमजली हॉस्टेल. चार वर्षांत पदवी आणि शिक्षिकेचं प्रशिक्षण एकत्रच होतं, आणि पास झालं की मिशनच्या शाळांमधून बोलावणं येतं. मी गावच्या मिशन शाळेतच शिकले, त्यामुळे प्रार्थना सगळ्या पाठ आहेत. निघताना बाबा म्हणाले, जयभीम म्हणत चाललीस, आमेन म्हणत परत येऊ नकोस म्हणजे झालं. आई हसली, पण पदराने डोळे पुसत.

खोलीत नगरची नीरजा साळवे आहे. तिच्या घरी आजोबांपासून सगळे शिक्षक. खिडकीजवळचा पलंग तिने आधीच धरला होता. वर मलाच म्हणते, लुंबिनी नाव किती शांत, आणि यार, तू आल्यापासून गप्प बसलेलीच नाहीस. जमेल आमचं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सरावपाठ सुरू झाले. आमच्यातलीच एक बाई होते, बाकीच्या तिसरीतली मुलं. इथे पूर्वी प्राथमिक शाळा होती. बाक तेव्हाचेच, इतके बुटके की गुडघे अडकतात. मूल व्हायचं तर खरंखुरं व्हायचं: हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही, मागे वळायचं नाही. मी खोडकर मूल फार छान होते, असं नीरजाचं मत. मला सोंग घ्यावंच लागत नाही म्हणे.

शिकवायला कुजूर मिस आहेत, झारखंडच्या, आवाज अगदी मऊ. त्यांचा एकच हट्ट. पाठ कसाही होवो, वर्ग नीट सोडायचा. आधी कुणाचा हात वर नाही ना ते बघायचं. असेल तर त्याच्या शंकेचं उत्तर द्यायचं. मग सगळ्यांना उभं करून प्रार्थना, आणि शेवटी ‘जाओ’. आज रेवाडीची एक मुलगी पाठ संपल्यावर तशीच बाहेर पडली. मिसनी तिला कॉरिडॉरमधून परत आणून वर्ग सोडायला लावला. तोवर आम्हाला बाकावरून हलू दिलं नाही. आम्ही हसत होतो. मिस हसल्या नाहीत.

७ सप्टेंबर, रविवार

उद्या नीरजाचा परीक्षेचा पाठ होता, म्हणून सकाळची उपासना संपल्यावर आम्ही दोघीच वर्गात जाऊन बसलो. मिसना विचारलं नव्हतं. ती बाई, मी तिसरीतली. पाण्याची रूपं शिकवत होती, फार सुंदर. वाफेपर्यंत आली आणि भावाचा फोन. वडील घराच्या जिन्यावरून पडले, डोक्याला मार, आयसीयूत आहेत. ती खडू हातात घेऊनच धावत सुटली. मी मागोमाग गेले, तिची बॅग भरली, फाटकाशी ऑटोत बसवलं. आतापर्यंत ट्रेन मिळाली असेल. बिचारी.

९ सप्टेंबर, मंगळवार

एक गंमतच झाली. मेसमध्ये दुसरी पोळी मागायला मी हात वर केला. पोरी खो खो हसल्या, मीही हसले.

पण जेवण झाल्यावर मला उठता येईना. पाय दुखत नव्हते, बधिरही नव्हते. फक्त कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून उठता येत नव्हतं. सगळ्या गेल्या. शेवटी वॉर्डन आंटी म्हणाल्या, चलो बेटा, उठो. तेव्हा उठले. थकवा असेल.

१३ सप्टेंबर, शनिवार

पाणी प्यायलाही हात वर करते आहे. खोलीत एकटी असताना. मग तसाच धरून बसते.

मावशीला फोन केला, घेऊन जा म्हटलं. टॅक्सी घेऊन आली. फाटकाच्या रुळापर्यंत नीट चालले. पुढे पाऊल पडेना. मावशीने आधी दंड धरला, मग ओढलं. मी गुडघ्यावर पडले, पण पडले तीही आतल्या बाजूलाच. वॉचमन बघत होता. मावशी चिडली. शिकायचं नसेल तर सरळ सांग म्हणाली, असली नाटकं तू लहानपणी शाळेत जाताना करायचीस. मी म्हटलं, तेव्हा जायचं नव्हतं, आता निघायचंय. ती रडायला लागली. डॉक्टरला घेऊन येते म्हणून गेली.

१५ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टर काल येऊन गेले. ताण आहे म्हणाले, गोळ्या दिल्या.

आज कुजूर मिसना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं. नीरजाने वर्ग सोडला होता का.

मी नाही म्हटल्यावर त्या खुर्चीत बसल्या. मग हळूच हिंदीत म्हणाल्या, जिने वर्ग उघडला तिनेच सोडायचा, दुसऱ्या कुणाला ते जमत नाही. मी करून पाहिलंय एकदा, अशाच अडकलेल्या एका मुलीसाठी. तिचा वर्ग उघडणारी बाई लग्न होऊन गेली ती परत आलीच नाही.

त्या मुलीचं काय झालं, विचारलं. मिसनी मागच्या बाकांकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मोठ्या मुलीच्या डोक्यावरून फिरवतात तसा नाही.

१८ सप्टेंबर

आता वर्गातच आहे. सकाळी पाय इथेच घेऊन आले. बाक घट्ट होत नाहीये. गुडघे आत नीट मावतात आता. आधी मावत नव्हते.

मिस जेवण आणतात, भरवतात.

नीरजाने फोनवरून प्रार्थना म्हटली, जाओ म्हणाली, तीनदा. काही झालं नाही. बाई समोर उभी असावी लागते. वडील शुद्धीवर आलेत, रविवारपर्यंत पोचते म्हणाली. फोनवर रडत होती. मी तिला मिस म्हटलं.

१९ —

मागे कुणीतरी बसलंय. पाय हलवतंय, बाक कुरकुरतो. वळता येत नाही.

२० —

एक नाही. बरेच आहेत. गप्प बसतात. माझ्यासारखेच वाट बघतात —

बाबांचा फोन वाजत होता. घेतला नाही. वर्गात चालत नाही —

रविवार. दुपार

आली. नीरजा आली. कुजूर मिस दाराशी उभ्या आहेत, आत येत नाहीत. नीरजाने वाफेपासून पुढचं शिकवलं. आवाज कापत होता, पण सगळं शिकवलं. मग विचारलं, कुणाला काही शंका?

ती माझ्याकडे नव्हती बघत. माझ्या मागे बघत होती. तोंड पांढरं पडलं. पण चांगली बाई आहे ती. म्हणाली, हां, तुम बोलो. मला काही ऐकू आलं नाही. तिला आलं. तिने उत्तर दिलं. मग दुसऱ्याला. मग त्याच्या शेजारच्याला. ऊन पार भिंतीवर गेलं. पाणी प्यायलीसुद्धा नाही.

आता म्हणाली, झालं, सगळे हात खाली आले. हसली. उठून उभं राहा म्हणणार —

थांबली. माझ्याकडे बघतेय. विचारतेय, लुंबिनी, तुला काय विचारायचंय? विचार ना गं. विचार पटकन.

मला काही विचारायचं नाही. खरंच काही नाही. मी डाव्या हाताने लिहितेय. उजवा वर आहे. खाली घेतेय, जोर लावतेय, मिस धावत आत आल्या, दोघी मिळून खाली ओढताहेत, तो —