आप्पा, तुमच्या पानात कांदा नव्हता

ती. आप्पा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं आणि हात थांबला. तुमच्या फोटोला हार लागून वर्ष झालं, तरी 'कैलासवासी' काही लिहवत नाही. राहू दे. तीर्थरूपच बरं.

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं पानात होतं. कांदा तेवढा नव्हता. श्राद्धाच्या स्वयंपाकाला कांदा चालत नाही, हे मला का माहीत नाही? पण ज्या माणसानं जन्मभर कांदा पिकवला, ज्याचा घास कांद्याशिवाय उतरला नाही, त्याच्याच पानात कांदा नसावा? वाढताना मला भडभडून आलं. म्हणून आज सकाळी तुमचा तो गुलाबी कांदा केला. बरणी ओट्यावर मुरतेय आणि मी इथे लिहीत बसलेय.

खरं सांगू? नुसत्या कांद्यासाठी लिहीत नाहीये. पाहुणे गेल्यावर काल यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून तुमच्याशी बोलल्याशिवाय मला राहवत नाहीये.

आप्पा, तुम्ही येवल्याकडचं ते घर बंद करून इथे नाशकात, पंचवटीत आमच्याकडे आलात, तेव्हा किती गप्प होतात! जन्माची जोडी मोडून आत्याबाई गेल्या होत्या, शेत यांच्या चुलत्यांनी करायला घेतलं होतं. गॅलरीतल्या खुर्चीवर बसून तुम्ही खालच्या रिक्षा बघायचात. आणि त्यात ते दात! सगळे काढावे लागले. कवळी बसवली, तर ती तुम्ही दिवसभर वाटीत घालून ठेवायचात. "टोचती," एवढंच म्हणायचात.

जेवण तर सुटलंच होतं. दुधात भाकरी कुस्करायची, दोन घास घ्यायचे, ताट सारायचं. एकदा मी पाहिलं, तुम्ही चिरलेल्या कांद्याची फोड भाकरीवर नुसती घासत होतात. चावता येत नव्हती, म्हणून वासापुरती! बुक्कीनं कांदा फोडून खाणारा माणूस तो. मला तिथे उभं राहवेना.

मग मला हॉटेलात भाजीबरोबर मिळणारा तो गुलाबी कांदा आठवला. कांदा अगदी पातळ, कागदासारखा चिरला. पाण्यात मीठ, साखर, मिरे, लवंग, दालचिनीचा तुकडा आणि थोडी मोहरी घालून उकळी आणली, उतरवून त्यात व्हिनेगर घातलं आणि गरमच कांद्यावर ओतलं. रंगासाठी बिटाची एक फोड टाकली. तासाभरात कांदा मऊ झाला.

तुम्ही ताटात बघितलंत आणि म्हणालात, "हे काय सूनबाई? कांद्याला गुलाल लावला का?"

"खाऊन तर बघा, आप्पा."

"आंबट हाय," तुम्ही म्हणालात. पुढचा घास घेतलात. मग म्हणालात, "पण कांदाच हाय." आणि ती भाकरी तुम्ही संपवलीत! आत्याबाई गेल्यानंतर तुम्ही संपवलेली पहिली भाकरी होती ती. मी आत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

मग दर दोन-तीन दिवसांनी कांदा चिरायचं काम तुम्हीच मागून घेतलंत. मी पदर डोळ्यांना लावायची आणि तुम्ही हसायचात. "माझ्या डोळ्यांना कांदा कधी झोंबलाच नाय. लहानपणापासून त्याच्यातच हाय ना मी." चिरता चिरता तुम्ही बोलायला लागलात. कांदा साठवायच्या चाळीत माल भरताना आत्याबाई कशा गाणी म्हणायच्या, पहिल्यांदा माहेरी गेल्या तेव्हा तुम्ही कोणतं निमित्त काढून मागोमाग गेलात! मला किती सांगितलंत, आप्पा. पण तुमच्या मुलाशी?

त्याच्याशी तुमचं बोलणं म्हणजे "पाणी आलं का?" आणि "गोळी घेतली का?" एवढंच. एका घरात राहून दोघं एकमेकांकडे बघत नव्हतात. कारण मला माहीत होतं. आत्याबाई गेल्या त्या दिवशी हे सातपूरला कंपनीत होते. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, निरोप मिळाला तो उशिरा. घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आणि अंगणात, सगळ्या भावकीसमोर, तुम्ही म्हणालात, "आता आलास? तुझी वाट बघत गेली ती."

का बोललात असं, आप्पा? दुःखात माणूस बोलून जातो, मी समजू शकते. पण त्या वाक्यानं हा माणूस आतून मोडला. रात्रपाळी नसली तरी जागाच असायचा. आईच्या फोटोसमोर उभं राहायची त्याला हिंमत नव्हती.

आता कालची गोष्ट. तुम्ही जायच्या आधीच्या पावसाळ्यात मी भाच्याच्या बारशाला निफाडला गेले होते, आठवतं? संध्याकाळी परत आले, तर तुम्ही दोघं स्वयंपाकघरात फरशीवर बसलेले, मध्ये विळी आणि परातभर चिरलेला कांदा! घरात होता नव्हता तेवढा सगळा कांदा चिरून ठेवला होतात. यांचे डोळे लालभडक. तुमचेही ओले. मी हसले. म्हटलं, "आप्पा, आज तुम्हालाही झोंबला वाटतं!" तुम्ही धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलंत.

कशी मी एवढी वेडी! तुमच्या डोळ्यांना कांदा झोंबत नाही, हे माहीत असून हसले.

त्या दिवशी तिथे काय झालं, ते हे काल मला सांगत होते. बरणीतला गुलाबी कांदा संपला म्हणून यांनी स्वतः करायला घेतला, जमेना, तेव्हा तुम्ही शेजारी येऊन बसलात. बराच वेळ नुसता कांदा चिरत राहिलात. मग खाली बघूनच म्हणालात, "सुनील, तुझी आय तुझी वाट बघत नव्हती रे. सकाळपासून झोपेतच होती. शुद्धच नव्हती तिला. मी आपलं रागानं बोललो. तू लवकर आला असतास तरी तिला कळलं नसतं."

एवढं सांगून हे लहान मुलासारखे रडले, आप्पा. म्हणाले, "त्या दिवसापासून मला झोप लागते. आप्पांनी मला सोडवलं." आणि मग तुम्ही दोघं त्या दिवसापासून एका ताटाशी बसल्यासारखे का जेवायला लागलात, सकाळी गोदाकाठी जोडीनं फिरायला का जायला लागलात, ते मला कळलं.

आप्पा, पण मी त्या दिवशी तिथे होते ना. आजारपणात मी गावीच राहिले होते, आत्याबाईंच्या उशाशी मीच होते. यांनी मला त्या दिवसाचं कधी विचारलंच नव्हतं.

त्या झोपेत नव्हत्या. शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की विचारायच्या, "आला का गं?" खाट दाराकडे तोंड करून फिरवायला लावली होती त्यांनी. आणि तुम्ही त्यांचा हात हातात धरून सारखं सांगत होतात, "येवल्यापर्यंत आलाय. आलाच." तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं तो कुठे आहे! पण "आलाच" ऐकूनच त्यांनी डोळे मिटले.

आधी आत्याबाईंशी खोटं बोललात, मग मुलाशी. आणि खरं काय ते एकट्यानं छातीवर घेऊन गेलात. मला एकदा तरी सांगायचं होतंत, आप्पा! दोघांनी मिळून वाहिलं असतं. काल हे बोलत होते तेव्हा मी मान खाली घातली आणि म्हटलं, "हो, झोपेतच होत्या." माझा आवाज हलला नाही.

आता तुम्ही निर्धास्त राहा. हे पत्र मी आत्ता फाडून टाकणार आहे. तुम्ही सांगितलंत तेच या घरात खरं राहील. यांनी कधी विचारलं, भांडणात विचारलं, म्हातारपणी विचारलं, तरी माझ्या तोंडून दुसरं काही निघणार नाही. त्यांना झोप लागू दे.

तुमची सून,
सुनंदा