फाटकापर्यंत

प्रिय चिंतामणी,

आप्पांनी कात्री मागितली तेव्हा मी तुझ्या यादीतल्या सातव्या चित्रपटापर्यंत आले होते. कात्री दिली नाही. म्हटलं, आधी वाचून संपू दे. आप्पा आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत, पेपर माझ्याकडूनच वाचून घेतात. ‘आवर्जून पाहावेत असे दहा जुने चित्रपट’ आणि खाली तुझं नाव दिसल्यावर ते खाटेवर उठून बसले. चिंतूनं लिवलंय व्हय, म्हणाले, मोठ्यानं वाच.

पहिल्या सहांबद्दल माझी तक्रार नाही. चांगले आहेत, तूही चांगलं लिहिलं आहेस. सातवा आमच्या घरात ‘फाटकाचा पिक्चर’ म्हणून ओळखला जातो. तू लिहितोस की सासरी डांबून ठेवलेली ती बाई अखेर घराबाहेर पडते, जाताना शेळ्या परसात शिरू नयेत म्हणून फाटकाला कडी घालते, आणि तिथं चित्रपट संपतो. त्या काळात असा शेवट करणं हे दिग्दर्शकाचं धाडस. आज मिळते त्या प्रतीत ती परत येऊन नवऱ्याचे पाय धरते, ते मागाहून कुणीतरी जोडलेलं ठिगळ. अस्सल प्रत तू निपाणीत, कॉलेजात असताना, थेटरातल्या ऑपरेटरच्या केबिनमधून पाहिली आहेस. इथवर आप्पा हसत होते. मग त्या चित्रपटावरचा तुझा शेवटचा परिच्छेद आला. ‘प्रोजेक्टरच्या कार्बनच्या धगीत घाम पुसत बसलेल्या त्या अडाणी ऑपरेटरला आपण काय दाखवतो आहोत याची गंधवार्ताही नव्हती.’ आप्पांबद्दलचं हे वाक्य मी त्यांच्यासमोरच वाचून गेले. थांबायला हवं होतं, पण तोंड पुढे आणि डोकं मागे असं झालं. आप्पांनी कात्री पुन्हा मागितली.

पुढच्या रविवारी तू बेळगावला येतो आहेस. इथल्या फिल्म क्लबनं तुझ्या शिफारशीवरून तोच चित्रपट लावला आहे. आधी तू बोलणार, आणि जुने ऑपरेटर म्हणून आप्पांना पहिल्या रांगेत बसवणार. कार्यकर्ते कंग्राळीला घरी येऊन आमंत्रण देऊन गेले. तुला माहीत नसावं. तू तिथं उभा राहून हेच वाक्य बोलणार आणि आप्पा समोर बसून ऐकणार. ते होऊ नये म्हणून लिहिते आहे. निदान सुरुवात तरी त्यासाठी केली.

तू म्हणतोस तशी अस्सल प्रत कधीच नव्हती. ती बाई परत येते. पहिल्यापासून येते. दिग्दर्शकानं तिला परत आणलं, पाय धरायला लावलं, वर एक गाणंही घातलं. ते सगळं शेवटच्या रिळात होतं, आणि ते रीळ सहाच्या खेळाला आप्पा लावत नसत.

सहाच्या खेळाला तंबाखूच्या वखारीतल्या बायका यायच्या, हे तुला आठवत असेल. त्यांच्या पदराचा वास थेट केबिनपर्यंत येतो, असं तू नाक मुरडून म्हणायचास. बेनाडी-अक्कोळकडची शेवटची गाडी पावणेनऊची. पिक्चर सुटायचा नऊला. पहिल्या दिवशी मालुबाई आणि तिच्याबरोबरच्या नऊजणी शेवटपर्यंत बसल्या, गाडी चुकली, अंधारात चालत घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मालुबाई वखार सुटल्याबरोबर केबिनच्या जिन्यावर. मी आप्पांचा डबा घेऊन आले होते, म्हणून ऐकलं. “आण्णा, ती बया परत येऊन पाय धरत्या, त्यापायी आमी चार मैल चालायचं व्हय? गेली न्हवं एकदा? जाऊ दे की तिला. आनि आमालाबी जाऊ दे.” आप्पा म्हणाले, पिक्चर अर्धवट राहतोय गं. ती म्हणाली, “कुटं ऱ्हातोय? कडी घातली की तिनं.”

आप्पांनी त्या संध्याकाळी फाटकाला कडी लागल्यावर दिवे लावले. बायका उठल्या, गाडीला धावल्या. रात्रीच्या खेळाला पूर्ण पिक्चर, सहाच्या खेळाला फाटकापर्यंत. सहा आठवडे चालला. काही बायकांनी चार-चार वेळा पाहिला. त्यातली एक, रवळूची बायको जयाबाई, माझ्याच नावाची, पाचव्या आठवड्यात खरंच माहेरी निघून गेली, आणि रवळू आप्पांशी भांडायला थेटरात आला. तेव्हा आप्पांना कळलं आपण काय दाखवतो आहोत ते. पुढचा आठवडाही त्यांनी तसाच दाखवला. गंधवार्ता नव्हती म्हणे.

आणि तू? तू त्या दुसऱ्या दिवसापासून रोज सहाच्या खेळाला केबिनमध्ये यायचास. खुर्ची एकच, म्हणून पत्र्याच्या डब्यावर बसायचास. त्या डब्यात ते शेवटचं रीळ होतं, चिंतामणी. सहा आठवडे तू त्याच्यावर बसलास आणि एकदाही विचारलं नाहीस की आप्पा, हा डबा कसला? वकिलाचा मुलगा, बाकी सगळ्याला प्रश्न विचारणारा. मी एकदा सांगायला गेले तर आप्पांनी डोळ्यांनी दटावलं. नंतर म्हणाले, शिकल्यालं पोरगं हाय, त्याला आवडलंय, कशाला मोडायचं?

पुढचं मी कधी सांगितलं नव्हतं. तू त्या शेवटाबद्दल एका साप्ताहिकाला पत्र लिहिलंस. तुझं छापून आलेलं पहिलं. पेढे घेऊन केबिनमध्ये आलास. आप्पांनी पेढा खाल्ला, तुझ्या डोक्यावर हात ठेवला. चार दिवसांनी कोल्हापूरहून वितरकाचा माणूस आला, हातात तोच अंक. कडीवर संपणारी ही कुठली प्रत, असं त्यानं मालकाला विचारलं. आप्पांनी खोटं बोलायचं नाकारलं. त्याच संध्याकाळी मालकानं त्यांच्याकडून केबिनची किल्ली काढून घेतली. आम्ही निपाणी सोडून कंग्राळीला आलो. आप्पा बेळगावात फाउंड्रीत लागले, सव्वीस वर्षं भट्टीपुढे उभे राहिले. परत थेटरात पाऊल टाकलं नाही. तुझं नाव मात्र घरात कुणालाही वाईट काढू दिलं नाही. त्याला कुठं ठावं होतं, एवढंच म्हणायचे.

पुण्याहून तू मला दोन पत्रं पाठवलीस. मी उत्तर दिलं नाही. तू दुसरं कारण धरलं असशील. जात धरली असशील, नाहीतर माझा शिष्टपणा. कारण पेढ्याचं होतं. उत्तर लिहायला बसले की आप्पा पेढा खाताना दिसायचे. तुला कळवावं तर त्यांनी शपथ घातलेली. आज ती मोडते आहे. पंचवीस वर्षं मुलांना शाळेत मराठी शिकवलं. लिहिणाऱ्यानं आधी विचारावं, एवढं तरी त्यांना सांगत आले. तुला कुणी सांगितलं नाही.

मला माफीचं पत्र नको. रविवारी तू तुझ्या भाषणात दोन नावं घे: मालुबाई, वखार कामगार, आणि परशराम, ऑपरेटर. शेवट यांचा आहे असं सांग. दिग्दर्शकाला त्याचं गाणं देऊन टाक. आणि पडद्यावर कडी लागली की पिक्चर थांबवायला सांग. दिवे लावायचं बटण आप्पांच्या हाताशी असू दे. कोणते जुने चित्रपट पाहावेत असं मला कुणी विचारलं, तर मीही हाच सांगेन: फाटकापर्यंत पाहा आणि उठा. पण हे लिहायला मी बसले ते त्यासाठीही नाही. संध्याकाळी दिवा लावताना आप्पांनी विचारलं, मी खरंच तसा दिसत होतो का गं, काय कळत न्हाय असा? त्यांना मी काय सांगायचं, ते तू मला सांग.

तुझीच, उत्तर न दिलेली,
जया

ता. क. सकाळी उठले तर कात्री खाटेवर होती. आप्पांनी भिंग लावून तुझा लेख कापून घेतला होता आणि गव्हाच्या खळीनं भिंतीवर चिकटवला होता. कडी लागते तिथवर. खालचा परिच्छेद जमिनीवर पडला होता. तो सोबत पाठवते आहे.