जिन्याखालची खोकी

२२ ऑगस्ट, मंगळवार
फ्रिजवर लाल दिवा लागला. दारात पाण्याचा नळ आहे, त्याच्या बाजूचं बारीक चिन्ह आजवर हिरवं होतं. पुस्तकात पाहिलं तर लिहिलंय, फिल्टर बदला. धारही बारीक झाली. एक पेला भरायला किती वेळ उभं राहायचं.
यांना सांगितलं. "पाणी येऊन राह्यलं ना? मंग कायले डोकं लावते?" दोन घास खाल्ले अन् परत दुकानात. कृषी केंद्रात पाय ठेवायला जागा नाही म्हणतात. यंदा कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली, अळी जात नाही, जो तो फवारणीच्या मागे. शर्ट धुवायला टाकतात त्याला औषधाचा वास. पांढरकवड्याच्या पाण्यात दोनदा धुऊनही जात नाही.
हा फ्रिज आम्ही घेतलेला नाही. मागच्या दिवाळीत फवारणीच्या औषधाच्या कंपनीनं दिला, टार्गेट पूर्ण केलं म्हणून. ही डायरीपण त्यांचीच. प्रत्येक पानाखाली हिरवं पान छापलेलं.

२४ ऑगस्ट
पूर्वाला फोन केला. (नागपूर, फार्मसीचं दुसरं वर्ष, फोन उचलला हेच नवल.) मॉडेल नंबर सांगितला. ती फिल्टर मागवते म्हणाली. वर हसून, "आई, त्यानं फक्त वास अन् क्लोरीन जाते. आपल्याकडचे क्षार बिर काही जात नाही. तू उगीच खुश होते."
राहू दे. लाल दिवा दिसला की मला चैन पडत नाही.

१ सप्टें., शुक्रवार
काल महालक्ष्म्या उठल्या. भांड्यांचा ढीग. शोभानं एकटीनं उरकलं. अकरा वर्षं झाली तिला आपल्याकडे. पलीकडच्या वस्तीतून पायी येते.
घामाघूम झाली म्हणून फ्रिजचं पाणी दिलं, तर नाही म्हणाली. "थंड पाण्यानं दात ठणकते वहिनी. आमच्या माहेरच्या बोअरच्या पाण्यानं दात पह्यलेच गेले." माठातलं घेतलं. तिच्याच पेल्यात. तो पेला सासूबाईंनी खिडकीत वेगळा ठेवला होता. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली, पेला मी कधी हलवला नाही. आज लिहिताना हे सुचतंय. तेव्हा नाही सुचलं.
तिचा नवरा देवराव सध्या रोज फवारणीवर आहे, कधी याच्या वावरात तर कधी त्याच्या. ती म्हणाली, संध्याकाळी घरी आला की डोळे लाल असतात, जेवत नाही.
मी म्हटलं, तोंडाला फडकं बांधायला सांग. असं म्हणायला काही लागत नाही.

६ सप्टें.
पार्सल आलं. चुकीचा फिल्टर, याला आटे आहेत, आपल्याला बिनआट्यांचा लागतो. परत पाठवला.
हे खुशीत. यंदाही टार्गेट होणार, या वेळी बाहेरदेशी सहल आहे म्हणे, जोडीनं. मला पासपोर्टचे फोटो काढून ठेव म्हणाले.

११ सप्टें., सोमवार
शोभा आली नाही. कधी न सांगता राहत नाही. दुपारी तिची जाऊ सांगायला आली. देवराव शनिवार-रविवार बंडूभाऊच्या वावरात फवारत होता. काल दुपारी धुऱ्यावर, वावराच्या बांधावरच पडला. ओकाऱ्या, तोंडातून लाळ, "मले काहीच दिसून नाही राह्यलं" म्हणत होता. इथून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.
बंडूभाऊ आपलं गिऱ्हाईक आहे. औषध दुसरीकडून नेत नाही.

१२ सप्टें.
यांना विचारलं. ताटावर होते.
"आपलंच औषध होतं का?"
"आपलं म्हंजे? आपण का कारखाना टाकला? बाटलीवर लिवलं असते, हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट जाऊ नका. कोणी वाचते का?"
"देवरावला कुठं वाचता येते."
भाजी वाढायला लावली. खाता खाता स्वतःच म्हणाले, "बरा होईन तो. धडधाकट माणूस आहे."
पाणी मागितलं. मग परत मागितलं. चार पेले झाले.

१४ सप्टें., गुरुवार
शोभा आली. बसस्टँडवरून सरळ इकडेच, चार दिवसांची तीच साडी. मला वाटलं कामाला आली. मूर्ख मी. दारातच उभी राहिली, आत येईना.
"वहिनी, डॉक्टर इचारून राह्यले, कोणतं औषध फवारलं. नाव सांगा म्हणते, म्हंजे त्यावरचा उतारा देता येते. दोन-तीन मिसळले असंन तं सगळ्यायचं सांगा. बंडूभाऊ म्हणते मले याद नाही, बाटल्या फेकल्या. तुमी भाऊले इचारा ना. तेयच्या दुकानातूनच नेलं होतं."
हे दुपारचे घरी आलेले, अंघोळीला होते. आले की विचारते म्हणून तिला बसवलं. बसली नाही.
आत जाऊन विचारलं. टॉवेलनं डोकं पुसत होते, पुसतच राहिले. "मले आठवत नाही."
यांना कोणत्या शेतकऱ्यानं मागच्या साली कोणतं बियाणं नेलं ते तोंडपाठ आहे. कोणाच्या वावरात कोणत्या कोपऱ्यात पाणी साचतं, तेसुद्धा.
मी पुन्हा म्हटलं, माणूस मरून राह्यला तिथं. तर दबक्या आवाजात, "हळू बोल. एक बाटली परवान्यातली नाही. एजंटनं आणून देल्ली होती, सगळेच ठेवते. आपण नाव सांगतलं तं उद्या दुकानाले सील."
बाहेर येऊन शोभाला सांगितलं, आठवत नाही म्हणतात.
ती माझ्याकडे पाहत होती. चारची गाडी पकडायची म्हणून गेली. पोळी बांधून देते म्हणेपर्यंत फाटकाबाहेर.

१५ सप्टें., शुक्रवार
सगळं नीट लिहून ठेवते.
सकाळी बरोबर फिल्टर आला. घरात कोणी नव्हतं. काहीतरी करत राहावं म्हणून बदलायला घेतला. पुस्तकात पहिलीच सूचना होती, पाणी बंद करा. फ्रिजला येणारी नळी वरच्या टाकीवरून जिन्याखालून येते, तिचा कॉक तिथं. जिन्याखाली मी वर्षातून एकदा जाते, दिवाळीला झाडायला.
कॉकपुढे जुना पडदा टाकलेला. पडद्याखाली चार खोकी. एक उघडं. निळ्या झाकणाच्या बाटल्या, परवान्यात नसलेल्या त्या याच असणार. दुकानातून कधी आणून ठेवली, मला पत्ता नाही. (बाटलीवरचं नाव इथं लिहीत नाही. हे कधी डायरी उघडत नाहीत, तरी.)
खोक्यात बाटलीसोबत घडी केलेला बारीक अक्षरांचा कागद. पूर्वाला फोन केला, ती वर्गातून बाहेर आली. म्हणाली, "आई, त्या कागदावर डॉक्टरांसाठी लिहिलेलं असते, विष चढलं तं काय द्यायचं. वाचून दाखव." मी वाचत गेली. तिचा आवाज बदलला. "कागद डॉक्टरपर्यंत पोचव. आजच. अन् हे कुठून आलं आपल्या घरी?"
मी म्हटलं, नंतर बोलू.
बाहेर पडायला दोन वाजले. यांच्यासाठी जेवण झाकून ठेवलं, चिठ्ठी लिहिली, कळंबला आईकडे जाते. लग्नानंतर यांना लिहिलेली पहिली खोटी चिठ्ठी. बसमध्ये मोहद्यापर्यंत उभीच. पिशवीत कागद अन् ही डायरी, हात वरून पिशवीवर.
वॉर्डात फवारणीचेच रोगी. काहींच्या डोळ्यांवर ओला कापूस. एकाचे हात खाटेला बांधलेले, तो बांधल्या हातांनीच पंप मारल्यासारखं करत होता. देवराव ओळखू आला नाही. शोभा खाटेच्या पायथ्याशी खाली बसली होती. कागद दिला तर उठून डॉक्टरकडे धावली. डॉक्टर पोरगेलासा, दोन रात्री झोपला नसेल. कागद वाचला, विचारलं, "हे एकच की आणखी काही?" मी दुसऱ्या बाटलीचं नाव सांगितलं, बंडूभाऊ दरवर्षी नेतो ती, ती तर आपल्याकडे उघड विकतात. "तुम्ही कोण यांच्या?"
माझ्या तोंडून निघालं, "शेजारीण."

१६ सप्टें.
सकाळी लवकर यांचा फोन कळंबला. आईनं सांगितलं, इथं आलीच नाही.
परतीची गाडी चुकली म्हणून मी रात्र वॉर्डाबाहेर काढली. बसस्टँडवरून घरी पोचली तेव्हा हे ओट्यावर बसलेले. दुकान उघडलं नव्हतं. उठले, जिन्याखाली गेले, परत आले. पडदा मी होता तसा टाकला नव्हता.
"किती नेल्या?"
"बाटली नाही. कागद."
शिव्या देतील वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चप्पल घातली अन् निघून गेले.

१९ सप्टें.
तीन दिवसांपासून घरात कामापुरतं बोलणं. डाळ वाढ. गॅस आला का. खोकी गेली, जिन्याखाली आता नुसती चौकोनी धुळीची जागा.
कॉक मी त्या दिवशी बंद केला तो तसाच. आज फिल्टर लावला. जुना डावीकडे अर्धा फिरवून काढला, तपकिरी झालेला, तोंडाशी पांढरा खडा जमलेला. नवा सरकवला, खट् आवाज येईपर्यंत फिरवला. कॉक उघडला. नळ हवेनं फुरफुरला, आधी काळपट पाणी. दोन बादल्या सोडून दिल्या, तुळशीला घातल्या नाहीत. बटन दाबून धरलं तर दिवा हिरवा.
पूर्वाचा फोन रोज येतो. बाबांशी बोलत नाही. विचारतात तेव्हा मी म्हणते परीक्षा आहे.

२७ सप्टें., बुधवार
देवरावला घरी सोडलं. बघायला गेली. एकच खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली बाजेवर तो. आवाजावरून मान वळवली, पण माझ्या बाजूला नाही, थोडी चुकून दाराकडे. सावली दिसते म्हणाला. डॉक्टर म्हणाले, येईल नजर, नाही पण येणार, वाट पाहा.
"वहिनी आल्या का? बसा ना. शोभा, चहा ठेव."
कागद वेळेत पोचला म्हणून तो वाचला, असं शोभाची जाऊ सांगत होती. आधीच्या एका दिवसाबद्दल कोणी काही म्हणालं नाही. गुरुवारी चारच्या गाडीनं शोभा रिकाम्या हातानं गेली. खोकी तेव्हा घरातच होती. मी गुरुवारीच जिन्याखाली गेली असती तर?
चहा पूर्ण प्यायला. न पिऊन काय केलं असतं.

५ ऑक्टो.
तपासणी आली. तालुक्यातल्या सगळ्याच दुकानांत. यांच्याकडे काही सापडलं नाही. शेतकरी बाहेर उभे राहून पाहत होते म्हणे, नेहमीचे, त्यातला एकही आत आला नाही. संध्याकाळी हे फार थकलेले. वाढताना पाहिलं, पोळी मोडून तशीच ताटात ठेवली होती. दया आली. आली म्हणून स्वतःचा रागही आला.
फोटो आलेत पासपोर्टचे. पाकीट कपाटावर, उघडलं नाही.

९ ऑक्टो., सोमवार
शोभा आली. त्या दिवसानंतर आपल्या घरी पहिल्यांदा. काम धरायला नाही आली, ते सुरुवातीलाच सांगितलं.
"उद्या तहसीलले जबाबाले बोलावलं. बंडूभाऊ घरी येऊन गेला. म्हणते, दुकानाचं नाव घेऊ नको, मी पाहून घेईन. पण दवाखान्यात लिवून आहे, शेजारणीनं कागद आणून देल्ला म्हणून. कोण शेजारीण, ते इचारतीनच. मी काय सांगू वहिनी?"
हे आतल्या खोलीत बातम्या पाहत होते. टीव्हीचा आवाज बंद झाला.
मी म्हटलं, "झालं तसं सांग."
"मंग तुमचं नाव येईन."
"येऊ दे."
इतक्या बारीक आवाजात म्हणाली मी, की तिनं परत विचारलं. परत सांगितलं. या वेळी आतपर्यंत ऐकू गेलं असणार. ती तरी उभीच. मग म्हणाली, "आमच्या घरात तेयनं आता कधी पंप पाठीवर नाही घ्यायचा, एवढं ठरवलं. बाकी काय होते ते पाहू." गेली.

१० ऑक्टो.
सकाळचे अकरा. शोभा तहसीलला पोचली असेल. यांनी आजपण दुकान उघडलं नाही. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला अन् स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसले. असे कधी बसत नाहीत.
"तुले बी बोलावतीन आता."
"हो."
"काय सांगशीन?"
धमकावत नव्हते. खरंच विचारत होते. लग्नाला बावीस वर्षं झाली, दुकानाबद्दल त्यांनी मला काही विचारल्याचं आठवत नाही. हात कणकेत होते. धुऊन येते म्हटलं, अन् इकडे येऊन लिहीत बसली. ते अजून तिथंच बसले आहेत.