शिक्का मारलेली एकच वही

बाई, तुमच्या वह्या सुखरूप आहेत. नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांना वेगळं कपाट मिळालं, असं विद्यापीठाच्या आताच्या ग्रंथपालांनी काल दुपारी फोनवर सांगितलं. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. आयुष्यभर बातमीदारी केली की आनंदाच्या बातमीलाही दुजोरा लागतो.

तुम्ही ग्रंथपाल होतात तेव्हा ग्रंथालय म्हणजे प्राचार्यांच्या खोलीमागची दोन कपाटं आणि एक डुगडुगतं टेबल. मग प्रयोगशाळेवर ग्रंथालयाचा हॉल चढला, कॉलेजचं विद्यापीठ झालं, आता चार मजले आणि लिफ्ट. त्या दोनांतलं एक कपाट तुम्ही गावच्या वह्यांना दिलं होतंत. शनिवारी कापडी पिशवी घेऊन तुम्ही वाड्यांमधून हिंडायचात, कधी मी बरोबर असायची. लग्नातली गाणी, कुठल्या बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, पाणी कुठल्या वाडीला कोणत्या वारी सोडायचं त्याच्या नोंदी, सगळं घरच्या बोलीत, हाताने लिहिलेलं. या वह्यांचं कॉलेजात काय करणार, असं कुणी विचारलं की तुम्ही चहा पीत म्हणायचात, परीक्षेला लावणार. सगळं घर हसायचं.

मी दुसऱ्या वर्षाला होते. नव्या पुस्तकांवर शिक्के मारायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलं होतं. एक दिवस मी कपाटातल्या एका वहीच्या पहिल्याच गाण्यावर गोल शिक्का मारला, दाखल क्रमांक घातला, खाली सही केली. तुम्ही वही हातात घेता, चष्मा कपाळावर चढवता. आवाज चढत नाही.

"कुणाच्या तरी आईचं अक्षर आहे हे. ही आपली नाही, आपल्याकडे ठेवलेली आहे."

चुकून झालं, असं मी म्हणाले. कुठल्या घरची, हे तुम्ही विचारलंत, तेव्हा माहीत नाही म्हणाले. त्यानंतर प्रत्येक वहीत तुम्ही स्वतः चिठ्ठी चिकटवलीत. घराचं नाव आणि खाली, 'ठेव. मागितल्यास परत द्यावी.' शिक्का नाही, क्रमांक नाही. त्या एका वहीच्या चिठ्ठीत घराच्या नावाची जागा तुम्ही मोकळी सोडलीत.

तुमचा हा नियम शेवटी वह्यांच्या जिवावर उठला होता. बांधकाम चालू असताना जुना संग्रह कामणच्या गोदामात होता. तिथून हलवताना ग्रंथालय समितीने ठरवलं, ज्यावर दाखल क्रमांक नाही ते रद्दीत. पोती वालीवच्या पुठ्ठ्याच्या कारखान्याकडे निघाली, आणि उघड्या पोत्यात वरच्याच वहीच्या उलटलेल्या पानावर ग्रंथपालांना शिक्का दिसला. त्यांनी टेम्पो थांबवला. खालची सही पेपरात वाचलेल्या नावाची निघाली, म्हणून मला फोन केला. "मॅडम, एकाच वहीवर स्टॅम्प आहे, बाकी एकीवर पण नाही. काय सीन आहे हा?" मी गेले, तुमच्या चिठ्ठ्या उघडून दाखवल्या. ठेव म्हटल्यावर मालकाला विचारल्याशिवाय टाकता येत नाही, हे समितीलाही पटलं. मग आम्ही दोघी घरोघर विचारत फिरलो. ग्रंथपाल तुळिंजच्या इमारतींत वाढलेल्या, बावखल त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. एकाही घराने वही परत मागितली नाही. खाडीकाठच्या एका आजोबांनी तेवढं विचारलं, "आमच्या घरात दरसाल पानी शिरतं. तुमचा मजला कितवा?" दुसरा म्हटल्यावर ते निवांत झाले.

येत्या सोमवारी कपाट उघडायचं आहे. गाणाऱ्या बायका येतील, त्यांची गाणी ध्वनिमुद्रित होतील. सुरुवात त्या शिक्क्याच्या वहीने, आणि ती मी वाचायची असं ठरलंय. शिक्क्याखाली दोन ओळी दिसत नाहीत. मला त्या पाठ आहेत.

हा कागद घरीच राहील, म्हणून लिहिते. चुकून झालं नव्हतं, बाई. चौथी शिकलेल्या आईची ती वही मीच तुमच्या पिशवीत सरकवली होती. तिचं अक्षर कॉलेजच्या पुस्तकांत क्रमांकासह बसावं, एवढंच मनात होतं, आणि ते बोलायची लाज वाटली. सोमवारी वाचायच्या आधी चिठ्ठीतली मोकळी जागा भरणार आहे.