पांढऱ्या काठाची घोंगडी

सिदूमामा,

आज ट्रंकेत तुमची घोंगडी सापडली. काळी, पांढऱ्या काठाची. माझ्या सृष्टीच्या बारशाला तुम्ही स्वतःच्या खांद्यावरून काढून तिला पांघरली होती. कडब्याची गंजी पेटली त्याच्या आठ दिवस आधी. बारशापासून ती ट्रंकेतच होती.

गंजी पेटली तेव्हा मी धुरातून पळणारा माणूस पाहिला. पाठमोरा. एवढंच. जबाब घेताना जमादार म्हणाले, "मेंढरंवाला सिदूच असंल. खांद्यावर पांढऱ्या काठाची घोंगडी व्हती न्हवं?" मी "व्हय" म्हणाले. घरी येईपर्यंत मला तो काठ दिसायला लागला होता.

कोर्टाच्या पायरीवर तुम्ही म्हणालात, "पोरी, घोंगडी कुठं हाय, आठव की."

मी म्हणाले, "तुमच्या खांद्यावर होती, मामा."



तुम्हाला जेलात दुसरं वर्ष लागलं. उद्या घोंगडी घेऊन कळंबला वकिलाकडे जाते. हे पत्र मात्र माझ्यानं टाकवणार नाही. वकील विचारतील, खरं काय पाहिलंस? घोंगडी आत्ता माझ्या मांडीवर आहे, मामा. डोळे मिटले की अजून ती तुमच्याच खांद्यावर दिसते.

तुमची भाची,
प्रतीक्षा