कापसाचे चोवीस स्नोमॅन

१ डिसेंबर, सोमवार

कापूस संपला! पहिल्याच दिवशी! चोवीस पोरं, चोवीस स्नोमॅन आणि अर्धा कापूस सगळ्यांच्या केसांत. चारकोपच्या पोरांना बर्फ म्हणजे फ्रिजचा वरचा कप्पा. एकीनं विचारलं, "टीचर, हा वितळला की मरतो का?" म्हटलं, आधी चिकटव, मग बघू.

इरावतीनं कापूस स्नोमॅनच्या शेजारी चिकटवला. रेषेच्या आत चिमूटभरही नाही. नेहमीसारखी कागदात नाक खुपसून बसली होती. मी ओरडले, "इरा, पाठ सरळ!" सरळ बसली आणि मग हा उद्योग. चार वर्षांची झाली, एवढं तर जमायला हवं ना?

मृणालिनी मॅडमनी पाहिलंच. शाळा त्यांची — सोसायटीच्या तळमजल्यावरचे दोन फ्लॅट, पण रुबाब कॉन्व्हेंटचा. मला केबिनमध्ये घेऊन म्हणाल्या, "सपना, हिला काही जमत नाही गं. चोवीसला प्रदर्शन. तोवर हिची हस्तकलेची फाइल सुधारली नाही, तर आईला सांगून टाकू, दुसरी शाळा बघा."

दुसरी कुठली? हीच तिची दुसरी! पहिलीनं दोन महिन्यांत घरी पाठवलं. इथे आली तेव्हा तोंडातून शब्द काढत नव्हती. आता कुठे माझ्या ओढणीचं टोक धरून वर्गभर फिरते, गाणी म्हणते. तिला मी जाऊ देणार नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

इरावतीचा स्नोमॅन मी केला. कोऱ्या कागदापासून.

तसे सगळ्यांचेच आम्ही "नीट" करतो. पोरं घरी गेली की कापूस उचकटायचा, रेषेत बसवायचा, बटणं सरळ करायची. पालकांना सरळ बटणं आवडतात! पण बाकीच्यांचं निम्मं तरी त्यांचं असतं. हिचं काहीच नाही. खाली नाव लिहिलं — इरावती.

तिचा खरा, वाकडा स्नोमॅन टाकवेना. पर्समध्ये ठेवला.

५ डिसेंबर, शुक्रवार

कागदी ताटलीचा सांता — मी. आइस्क्रीमच्या काड्यांची चांदणी — मी. मॅडम म्हणाल्या, "बघ, सुधारली की नाही!" मी मान हलवली. काय निर्लज्ज आहे मी!

दुपारी शाळेच्या सोनूबाई मावशी मटार सोलत होत्या. इरावती शेजारी जाऊन बसली. मावशी म्हणतात, "अगं, एक दाणा सांडला नाही पोरीनं! शेंग पार तोंडाशी धरून सोलते." मग माझ्याच वर्गात काय होतं हिला? हट्ट. दुसरं काय.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळीच दादरला, चैत्यभूमीला. रांगेत पाच तास. तिथेही डोक्यात कापूस!

११ डिसेंबर, गुरुवार

आज गेटवर इरावतीची आई, क्षमाताई. ऑफिसला अर्धा दिवस टाकून आलेल्या. "टीचर, एक विचारू? ही टीव्हीला पार चिकटून बसते. शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. वर्गात काही जाणवतं का तुम्हाला?"

मॅडम माझ्या शेजारी उभ्या. माझ्याआधी त्याच बोलल्या, "सपना, फाइल दाखव ना त्यांना."

दाखवली. क्षमाताईंनी सांतावरून बोट फिरवलं. "हे इरानं केलं? एवढं रेषेत?"

मी हो म्हटलं. हो!

त्यांचा चेहरा असा उजळला की माझी मान खाली गेली. "मग नकोच जायला. उगाच पोरीला ड्रॉप्स घाला, रडवा. घरी सगळे मलाच नावं ठेवतात, फार शंकेखोर आहेस म्हणून." तिथेच फोन लावून नंबर रद्द केला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

क्षमाताई लांबून हसल्या. मी फळा पुसत राहिले. फळा स्वच्छच होता.

१७ डिसेंबर, बुधवार

राहवलं नाही. पोरं डबा खात होती. इरावतीला बाजूला घेतलं आणि चार पावलं मागे सरकून लाल टोपी धरली. "इरा, माझ्या हातात काय आहे?"

"लाल."

"लाल काय?"

तिनं डोळे बारीक केले. मग म्हणाली, "टीचर, जवळ आणा ना."

दोन पावलं पुढे गेले. "फुगा!" म्हणाली. अगदी खुशीत, बरोबर उत्तर दिल्यासारखी. टोपी नाकाशी नेली तेव्हा हसली. "टोपी आहे! गोंडा पण आहे!"

हट्ट नव्हता. पोरीला दिसत नाही! नाक कागदाला लागलं तरच दिसतं आणि मी रोज ओरडत होते, पाठ सरळ, पाठ सरळ. ओढणी धरते ती लाडानं नाही. मी कुठे आहे ते कळावं म्हणून धरते. बाथरूममध्ये जाऊन रडले.

१८ डिसेंबर, गुरुवार

अनिरुद्धला सांगितलं. नवरा असून वकिलासारखा बोलतो. "सांगून टाक आईला. यात विचार कसला करतेस?"

त्याला काय जातंय! सांगितलं तर फाइल खोटी ठरणार. मॅडम इरावतीलाही काढणार आणि मलाही. प्रदर्शन होऊ दे. मग सांगते. सहा दिवसांनी काय होतंय?

२२ डिसेंबर, सोमवार

मॅडम खूश! "इरावती ज्युनियर केजीत नक्की. शाबास सपना." जे हवं होतं ते मिळालं. डबा तसाच परत आणला.

२४ डिसेंबर, बुधवार

आज सगळं लिहून काढते.

भिंतीवर चोवीस स्नोमॅन. पालकांची ही गर्दी, प्रत्येकाचा मोबाइल वर. मॅडमनी टाळी वाजवली, "चला, आपापला शोधा आणि आईला दाखवा!" पोरं धावली. सगळ्यांच्या खाली चिठ्ठी, पोरांना नाव वाचता येत नाही म्हणून चिठ्ठीवर ज्याचं त्याचं ठरलेलं चित्र. इरावतीची चिठ्ठी मासोळीची.

इरावती भिंतीला हात लावत चालली. प्रत्येक स्नोमॅनला नाक टेकवून बघत. लोक हसले. "अय्या, वास घेतेय!" क्षमाताईही हसल्या. मासोळीपाशी पोचली. नाक टेकवलं, बोटं फिरवली आणि मोठ्यांदा म्हणाली, "मासा माझा आहे. हा माझा नाहीये."

मॅडम घाईनं म्हणाल्या, "तुझाच आहे बेटा."

"नाही. माझ्याला मी खूप कापूस लावलेला. बाजूला."

पुढच्या स्नोमॅनकडे गेली. मग त्याच्या पुढच्या. शेवटपर्यंत गेली आणि भिंत संपली तिथे उभी राहिली. "टीचर, माझा हरवला."

माझ्याच्यानं बघवेना. पर्समधून तिचा काढला, तिच्या हातात दिला. डोळ्यांपाशी नेला आणि नुसती ओरडली, "हा! हा माझा!"

मग क्षमाताईंना तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. फाइल माझी आहे, तिची नाही. तिला लांबचं दिसत नाही. शनिवारचा नंबर माझ्यामुळे रद्द झाला. आणि मला आठवडाभर माहीत होतं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "मला शंका होती. तुमच्यावर विश्वास ठेवला." पोरीला कडेवर घेऊन गेल्या. वाकडा स्नोमॅन घेऊन गेली ती.

मॅडम म्हणाल्या, "जानेवारीत बोलू." बोला.

२७ डिसेंबर, शनिवार

क्षमाताईंचा मेसेज. दोन्ही डोळ्यांना मायनस आठ. डावा जास्त आळसावलाय, तो कामाला लागावा म्हणून उजव्यावर रोज पट्टी लावायची. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. शेवटी फक्त — "पाच तारखेला पाठवते. मॅडमशी मी बोलते." माझ्याबद्दल एक शब्द नाही. नसू दे.

५ जानेवारी, सोमवार

इरावती आली. जांभळा चष्मा, मागे इलॅस्टिक. ओढणी धरली नाही. दारातच थांबली, भिंतीवरचे स्नोमॅन लांबूनच बघत राहिली — पहिल्यांदाच सगळे एकदम दिसत होते तिला.

"टीचर! हे सगळे सेमच आहेत!"

मॅडमचं 'बोलू' अजून बाकीच. पोरं घरी गेल्यावर बाकीच्या तेवीस फाइली काढल्या. एकेक पान उलटलं. कुणाला काय जमत नाही, कुणाला काय दिसत नाही, काही कळेना. सगळीकडे माझाच हात.