निळा पत्रा

बाबा,

आज तुमचा फोन मी मुद्दाम उचलला नाही. त्याऐवजी हे लिहितेय, पाठवीनच असं नाही.

कॅलेंडरवाले फानसाहेब माझा कीलुंगचा फोटो बघून म्हणाले, "पोरी, डोंगर झकास आलाय. खालची पत्र्याची छपरं तेवढी काप, मुखपृष्ठ तुझंच." काल फोनवर तुम्हीही त्यांचीच री ओढलीत. "काप की. पत्रे बघायला कोण भिंतीवर कॅलेंडर लावतं?"

बाबा, स्कूटरवरून मी अख्खं तैवान पालथं घातलं. युशान शिखरावरचं बर्फ कॅमेऱ्यात टिपलं, तैपेईचे झगमगते मनोरे टिपले. हुआलिएनच्या कड्यावर एक कुत्रा माझं चहात उकडलेलं अंडं घेऊन पळाला, ते असो. पण आपल्या कीलुंगच्या पावसात निळा पत्रा चमकतो, तसं कुठेच काही दिसलं नाही. त्या फोटोतले निम्मे पत्रे तुम्ही ठोकलेत. त्यांच्याखाली माणसं कोरडी झोपतात.

मी कापलं नाही. मुखपृष्ठ गेलं.

तो फोटो मोठा करून आपल्या पत्र्यांच्या दुकानात, तुमच्या खुर्चीसमोर, अगदी छताजवळ टांगणार आहे. गुडघ्यांमुळे तुम्ही आता शिडी चढत नाही, असं आई म्हणाली. म्हणजे तो उतरवायला मलाच बोलवावं लागेल. मी येईन, जेवेन, पण उतरवणार नाही.

तुमच्यासारखीच हट्टी,
रुओ-छिंग